व्यालेल्या गाईचा आहार व तिच्या शरीरातील संप्रेरके

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात संकरित गाईंचे गोठे आता गावोगाव झाले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय सिद्ध केली, हेही वाचकांस विदित आहेच. परंतु व्याल्यावर दोन महिन्यांत गाय खंगते, माजावर येत नाही व वेतांतील अंतर वाढते, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. आमच्या गोठ्यातही तसे घडले आहे. हा दोष बहुधा गाईचा नसून आहाराचा असतो. तो कसा, हे येथे सांगतो.

शरीरातील काही ग्रंथी रक्तात अत्यल्प रस सोडतात. त्यांस संप्रेरके म्हणतात. कोणत्या अवयवाने काय करावे, याच्या आज्ञा ती पोचवितात. गाय व्याली की वाढीचे संप्रेरक वाढते व इन्सुलिन घटते. त्यामुळे रक्तातील साखर मांस व चरबी यांकडे न जाता कासेकडे वळते. एक लिटर दूध होण्यास सुमारे ७० ग्रॅम साखर लागते. म्हणजे २० लिटरच्या गाईस रोज सुमारे १.४ किलो. ही साखर चाऱ्यातून आयती मिळत नाही. कोठीपोटातील सूक्ष्म जंतू चारा व धान्य आंबवितात, त्यातून प्रोपिऑनिक आम्ल निघते व मुख्यत्वे त्याचीच साखर यकृतात बनते. आंबोण तोकडे पडले की साखर तोकडी पडते. कासेची मागणी मात्र थांबत नाही.

जमेपेक्षा खर्च अधिक झाला की गाय अंगची चरबी मोडते. ती प्रमाणाबाहेर मोडली तर यकृतात साचते व तिच्यापासून कीटोन नावाची द्रव्ये होतात. अशी गाय आंबोण टाकते, तिच्या श्वासास गोडसर वास येतो व दूध आटते. शिवाय इन्सुलिन कमी असेतोवर अंडाशयास चेतविणारी संप्रेरकेही मंदावतात. जणू शरीर म्हणते, 'आधी हे वासरू जगू दे, पुढचे मागाहून पाहू.' माज न येण्याचे एक मोठे कारण हे होय.

उपाय काय? व्याल्याबरोबर अकस्मात पाच-सहा किलो भरडा घालणे हा तो नव्हे. त्याने कोठीपोटात आम्लता होते. विण्यापूर्वी दोन-तीन आठवडे थोडा खुराक सुरू करावा व व्याल्यावर तो क्रमाक्रमाने वाढवावा. सामान्य हिशेब असा: शरीरपोषणास दीड किलो व दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. भाकड काळ दोन महिने द्यावा. मात्र त्या काळात गाय फार लठ्ठ होऊ देऊ नये, कारण लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते व चरबी अधिक मोडते.

आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक सावधगिरी हवी. उसाच्या वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून दुभत्या गाईस केवळ वाढ्यांवर ठेवू नये. कडबा, लसूणघास व खनिज मिश्रण जोडावे, आणि वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी.

श्वासास वास येऊ लागला वा गाय उठेनाशी झाली, तर घरगुती उपचारांत दिवस न घालविता पशुवैद्यास बोलवावे. आंबोणात वाचविलेला पैसा एका चुकलेल्या वेतात दामदुपटीने जातो, हे आमच्या शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.