मोस्तारच्या पुलाआधी मुलांना दौलताबाद-खुलदाबाद दाखवा

रबाळ्यात आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने परवा मोबाईलवर बोस्नियाचा व्हिडिओ दाखवला. चहूकडे डोंगर, खाली हिरवी नदी, तिच्यावर दगडी कमानीचा पूल आणि काठाला मिनार. "सर, युरोपात पण अशी शहरं आहेत?" आम्ही म्हटलं, आहेत. मोस्तारचा हा पूल उस्मानी काळात, १५६६ साली पुरा झाला. १९९३ च्या युद्धात तोफा डागून तो पाडला. २००४ साली लोकांनी तो जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला.

मग आम्ही विचारलं, "दौलताबाद पाहिलंस?" नाही. "खुलदाबाद?" "लहान असताना गेलेलो. फातेहा पढली, जेवलो, परत आलो."

आपल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. ज़ियारत होते, पण शहर पाहायचं राहून जातं. आणि अलीकडे बातम्यांमुळे खुलदाबाद म्हटलं की लोकांना एकच कबर आठवते. शाळेत कुणी मुलाला "तुम्ही कुठून आलात?" विचारलं तर तो गप्प बसतो. याचं उत्तर या डोंगरात आहे. ते मुलांना तिथे नेऊन दाखवावं, म्हणून हा लेख.

रबाळ्याहून लोकलने ठाणे, तिथून रेल्वेने छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुनं औरंगाबाद. दोन दिवस पुरतात. शहरापासून दौलताबाद साधारण १५ किलोमीटर, तिथून घाट चढून पुढे खुलदाबाद. वेरूळची लेणी त्याला लागूनच आहेत, पण ती मंगळवारी बंद असतात.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर दौलताबाद गाठावं. हा मूळचा यादवांचा देवगिरी. डोंगराचा कडा चारी बाजूंनी तासून सरळ केला आहे, खाली खंदक, आणि वर जायला खडकातली अंधारी वाट. टॉर्च आणि पाणी जवळ ठेवा. गुडघे दुखणाऱ्या बुज़ुर्गांनी चाँद मिनारपर्यंतच यावं. बहमनी काळातला हा मिनार ६० मीटरहून उंच आहे आणि खालूनच छान दिसतो. वर किल्ल्यात संत एकनाथांचे गुरू जनार्दन स्वामी यांचं स्थान आहे. मुलांना तेही दाखवा.

१३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. शाळेच्या पुस्तकात हा बादशहाचा वेडेपणा म्हणून दोन ओळींत संपतो. पण त्याच्यासोबत आलिम, सूफी, शिपाई, कारागीर आपापली घरं घेऊन आले. पुढे दरबार दिल्लीला परत गेला, बरीच माणसं मात्र इथेच राहिली. त्यांची बोली इथल्या मराठीत मिसळली आणि दख्खनी घडत गेली. दादी "नक्को" म्हणते ना, तो आपल्या मराठीतला "नको". "मैंच गया था" यातला "च" सुद्धा मराठीचा. मुलं या बोलीला हसतात, चारचौघांत बोलायला लाजतात. त्यांना सांगा, ही बिघडलेली उर्दू नव्हे. याच शहराच्या वली औरंगाबादींनी दख्खनीत शायरी केली आणि दिल्लीच्या शायरांनी त्यांच्यापासून धडा घेतला.

दुपारनंतर खुलदाबाद. जुने लोक अजून 'रौज़ा' म्हणतात. हज़रत निज़ामुद्दीन औलियांचे मुरीद हज़रत बुऱ्हानुद्दीन ग़रीब (रह.) इथे आहेत, त्यांचा इंतकाल १३३७ चा. समोर हज़रत ज़ैनुद्दीन शीराज़ी (रह.) यांची दरगाह. तिच्याच आवारात औरंगज़ेबची कबर आहे, वर छत नाही, आभाळ मोकळं. तिथे थांबा, दुआ करा, पण तिथूनच परत फिरू नका. थोडं पुढे मलिक अंबरचा मकबरा आहे. बहुतेक लोक तो न बघताच जातात.

हबशाच्या मुलखात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनला येऊन निज़ामशाहीचा वज़ीर झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. भोसल्यांचं गाव वेरूळ, त्याच्या मकबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. १६२६ साली तो वारला.

दुसऱ्या दिवशी शहरात त्याचं काम पाहा. १६१० च्या सुमारास त्याने खडकी गावाचं शहर केलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. पाऊस कमी, मग पाणी कुठून आणणार? त्याने डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीने उतारावर खेळवत गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे त्याच पद्धतीने पाणचक्कीला पाणी आलं. वरून पडणाऱ्या पाण्याच्या ज़ोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दरगाहच्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळलं जायचं. मुलांना तिथे अर्धा तास उभं करा. पाणी वर कसं चढलं, हे त्यांनाच शोधू द्या. विज्ञानाचा एक धडा तिथेच होतो. वेळ उरला तर बीबी का मकबरा आहेच.

जाताना तीन गोष्टी पाळा. भिंतीवर नाव कोरू नका. कबरीजवळ रील काढू नका. कुणी वाद घातला तर उत्तर देत बसू नका, मुलांना घेऊन पुढे चला.

मोस्तारच्या लोकांना आपला पूल दगडादगडाने माहीत होता, म्हणून त्यांना तो पुन्हा बांधता आला. आपल्या मुलांना आपली नहर निदान नावाने तरी माहीत हवी. त्या मुलीच्या घरचे दिवाळीच्या सुट्टीत निघणार आहेत. दादीला पण नेताहेत, चाँद मिनारपर्यंत.