हळुवार गळ्याला मानाचें पान



बीड जिल्ह्यांत मांजरसुंब्याजवळ कपिलधार नांवाचें क्षेत्र आहे. डोंगराच्या कड्यावरून कोसळणारी पाण्याची धार आणि तिच्या सान्निध्यांत असलेली श्रीमन्मथस्वामींची समाधि, ह्या दोन गोष्टींसाठीं लोक तेथें येतात. मन्मथस्वामी हे वीरशैव संप्रदायांतील संतकवि. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ मराठींत आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गांवांहून दिंड्या येतात आणि भजनांना ऊत येतो. त्या गर्दींत मोठमोठे गळे एकमेकांत बुडून जातात. परंतु कधीं कधीं एखादा म्हातारा टाळकरी हलक्या आवाजांत अभंग धरतो आणि भोंवतालचीं माणसें आपोआप गप्प होतात. अभंगाचा कर्ता कोण, हें सर्वांस ठाऊक असतें. त्याची चाल कोणीं बांधली, हें विचारलें तर मात्र कोणालाच सांगतां येत नाहीं.

ही साधी गोष्ट मला आजच्या प्रश्नाकडे घेऊन जाते. जे हळू गातात, ज्यांच्या गाण्यानें टाळ्यांचा कडकडाट होण्याऐवजीं सभा निःशब्द होते, अशा कलावंतांना कीर्तिमंदिरांत जागा असावी कीं नसावी?

कीर्तिमंदिर हा शब्द मीं केवळ अलंकार म्हणून योजलेला नाहीं. अमेरिकेंत रॉक संगीताचें असें एक मंदिर खरोखरीच आहे. त्यांत घ्यावयाच्या कलावंतांची निवड १९८६ पासून होऊं लागली आणि क्लीव्हलंड शहरांतील त्याची वास्तु १९९५ मध्यें लोकांसाठीं खुली झाली. कलावंताचें पहिलें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन २५ वर्षें लोटलीं म्हणजे तो विचारास पात्र होतो. रॉक म्हटलें कीं दणदणीत ताल आणि विजेच्या गिटारींचा गजर डोळ्यांपुढें येतो. पण त्याच कुळांत 'सॉफ्ट रॉक' नांवाची एक सौम्य शाखा आहे. ह्या शाखेकडे जाणकारांनीं पुष्कळ दिवस नाक मुरडूनच पाहिलें. 'हॉल अँड ओट्स' ह्या जोडीची पहिली तबकडी १९७२ ची. त्यांना मंदिराचें दार उघडलें २०१४ मध्यें. 'शिकागो' ह्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६९ ची. त्यांचा प्रवेश २०१६ मध्यें झाला. म्हणजे पात्र ठरल्यानंतर एकांना १७ वर्षें आणि दुसऱ्यांना २२ वर्षें उंबऱ्यावर तिष्ठत बसावें लागलें. त्यांचीं गाणीं लोकांना माहीत नव्हतीं असें नव्हे. तीं फार गोड आणि फार सोपीं आहेत, हाच त्यांच्यावरील मुख्य आरोप होता.

हा आरोप आपल्याला अपरिचित आहे काय? आपल्याकडे ख्याल गाणाऱ्यास 'पंडित' म्हणतात, नाट्यपद गाणाऱ्यास 'गंधर्व' म्हणतात, आणि भावगीत गाणाऱ्याविषयीं 'बरा गातो हो' एवढ्यावर भागवितात. ह्या प्रकाराला आपण नांवच मुळीं 'सुगम संगीत' असें दिलें आहे. ऐकणाऱ्याला जें सुगम, तें करणाऱ्यालाहि सुगमच असेल, अशी समजूत त्या नांवानें करून दिली.

भावगीत जन्मास कसें आलें, हें पाहिलें म्हणजे ही समजूत किती भ्रामक आहे तें कळेल. संगीत नाटकांच्या भराच्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचवावयाचा, तर तो छातींतून फेंकावाच लागे. पुढें मायक्रोफोन आला. १९२७ मध्यें मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. आणि ग्रामोफोनच्या तबकड्या मध्यमवर्गीय घरांतून वाजूं लागल्या. त्यामुळें दोन गोष्टी घडल्या. एक तर कुजबुजल्यासारखा स्वरहि दिवाणखान्यांत स्पष्ट ऐकूं येऊं लागला. दुसरी गोष्ट अशी कीं, तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मिळत असल्यामुळें आलाप-तानांचा पसारा आंवरून तेवढ्या वेळांत एक भाव उभा करणें गायकास भाग पडलें. ही सवलत नव्हती, कसोटी होती. मोठ्या मैफलींत एखादी जागा चुकली तर पुढच्या अर्ध्या तासांत ती भरून काढतां येते; तीन मिनिटांच्या गीतांत तशी सोय नाहीं.

मेहकरचे वकील-कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गोविंदराव जोशी यांनीं तबकडीवर गायिली आणि ती घरोघर पोंचली. हेच गोविंदराव पुढें ग्रामोफोन कंपनीचे अधिकारी झाले आणि अनेक थोर गवयांचें गाणें त्यांनीं मुद्रित करून ठेवलें. दुसऱ्यांची कीर्ति जतन करणारा हा गृहस्थ स्वतः किती जणांच्या स्मरणांत आहे? गजाननराव वाटवे (१९१७–२००९) यांनीं पेटी पुढें घेऊन, एकट्याच्या बळावर, नुसत्या कवितांची मैफल हजारों श्रोत्यांपुढें रंगवितां येते, हें सिद्ध करून दाखविलें. त्यानंतर १९५५-५६ मध्यें पुणें आकाशवाणीवरून 'गीतरामायण' झालें. ग. दि. माडगूळकरांचीं ५६ गीतें आणि सुधीर फडके यांचें संगीत. त्या वेळीं रस्ते ओस पडत, ही आठवण वडीलधाऱ्या मंडळींकडून आपण ऐकलीच आहे.

आतां मला एक कबुली द्यावयाची आहे. मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें एका समारंभाच्या निमित्तानें नामवंत माजी शिक्षकांचीं छायाचित्रें सभागृहांत लावावयाचें ठरलें. निवड करणाऱ्या मंडळींत मीहि होतों. कोणींसें गाण्याच्या मास्तरांचें नांव सुचविलें. हे मास्तर पेटी वाजवून मुलांकडून क्रमिक पुस्तकांतल्या कविता म्हणवून घेत. रागदारीच्या वाटेस ते गेले नाहींत. 'ते काय, कविताच तर म्हणावयाचे!' असें मीच बोललों आणि नांव गळालें. दोन वर्षांनीं मास्तर वारले. त्यांना पोंचवून परत येतांना पन्नाशीचा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, 'गुरुजी, त्रैराशिक केव्हांच विसरलों; पण मास्तरांनीं शिकविलेली प्रत्येक कविता चालीसकट पाठ आहे.' त्रैराशिक त्याला मीं शिकविलें होतें. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

ह्यावर आक्षेप घेणारे म्हणतील, लोकप्रियता म्हणजे थोरवी नव्हे. हें मला मान्य आहे. गाजलेल्या प्रत्येकाला मंदिरांत बसविलें तर त्याची धर्मशाळा होईल. दुसरा आक्षेप असा कीं, भावगीतांत खरें श्रेय कवीचें. गायक केवळ वाहक. ह्याला उत्तर हवें असेल तर यशवंत देव यांनीं आपल्या पुस्तकास दिलेलें 'शब्दप्रधान गायकी' हें नांव ध्यानांत घ्यावें. शब्दाला प्राधान्य देणें हीहि एक गायकीच आहे. 'ती हंसली हळूच बोलली' हे चार शब्द घ्या. 'हंसली' नंतर श्वास घेतला तर बोलणें हळू होतें. 'हळूच' नंतर घेतला तर हंसणें हळू होतें. कवीनें कागदावर ठेवलेली ही संदिग्धता गायकाला एका श्वासांत सोडवावी लागते, आणि तीहि सुरांतून न ढळतां. ज्याला हें साधतें तो वाहक नव्हे, अर्थाचा भागीदार आहे.

म्हणून माझें मत असें. हळू गाणाऱ्यांस मान द्यावा, परंतु तीन कसोट्या लावून. त्यानें नवी वाट पाडली काय? त्याचें गाणें एक पिढी ओलांडून दुसऱ्या पिढीच्या ओठांवर आलें काय? आणि त्याचें गाणें वगळलें तर भाषेचें कांहीं नुकसान होतें काय? ह्या कसोट्यांस जो उतरेल, त्याचा आवाज मोठा होता कीं लहान, हें विचारण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गोष्ट काळाची. 'शुक्रतारा' हें अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनीं गाइलेलें गीत १९६२ चें. त्याचे संगीतकार श्रीनिवास खळे यांना पद्मभूषण मिळालें २०१० मध्यें, वयाच्या ८३ व्या वर्षीं; पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. कवि मंगेश पाडगांवकर यांना तोच मान २०१३ मध्यें मिळाला. मान मिळाला हें उत्तमच. परंतु ज्या गाण्यावर लोकांनीं आपलें तारुण्य घालविलें, त्याच्या कर्त्याला मानाचें पान म्हातारपणींच कां वाढावें?

सरकारी सन्मान आपल्या हातचे नाहींत. आपल्या हातचें असें एक मात्र आहे. घरीं, शाळेंत, गणेशोत्सवांत जेव्हां एखादें गीत गाइलें जातें, तेव्हां आरंभीं कवीचें, चाल बांधणाऱ्याचें आणि प्रथम गाणाऱ्याचें नांव उच्चारावें. त्याला अर्धें मिनिट लागतें. कपिलधारच्या अभंगांना पहिली चाल देणाऱ्याचें नांव आतां मिळावयाचें नाहीं; पण शंभर वर्षांनंतरच्या श्रोत्याला आपल्या काळच्या गाण्यांविषयीं तसें म्हणावें लागूं नये.

मास्तरांचें छायाचित्र मीं त्यांच्या मुलाकडून मागून आणलें आहे. शाळेला पत्रहि लिहिलें आहे. आणि त्यांत, पूर्वीं विरोध कोणीं केला होता, हें सहीनिशीं नमूद केलें आहे.