‘टेनेसी वॉल्ट्झ’: तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरून राज्यगीतापर्यंत

अमेरिकेत १९५० च्या नाताळपूर्वी बाजारात आलेल्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ‘टेनेसी वॉल्ट्झ’ हे गाणे होते. निर्मात्या मर्क्युरी कंपनीची भिस्त पहिल्या बाजूवरील नाताळगीतावर होती. श्रोत्यांनी मात्र तबकडी उलटवली आणि पॅटी पेज यांच्या आवाजातील या गाण्याने इतिहास घडवला.

वॉल्ट्झ हे युरोपातील युगुलनृत्य. त्याचा ठेका तीन मात्रांचा असून पहिल्या मात्रेवर जोर असतो. हे गाणे रचणाऱ्यांपैकी पी वी किंग हे विस्कॉन्सिनमधील पोलिश वंशाच्या कुटुंबातले अकॉर्डियनवादक. त्यामुळे हा ठेका त्यांच्या घरचाच होता. त्यांच्या वाद्यवृंदाकडे शब्दांविना वाजवली जाणारी एक वॉल्ट्झ धून होती. १९४६ मध्ये प्रवासात असताना रेडिओवर बिल मन्रो यांचे ‘केंटकी वॉल्ट्झ’ कानी पडले. टेनेसीवर असे गाणे का नसावे, या विचारातून सहकारी रेड स्ट्युअर्ट यांनी काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर त्या धुनेसाठी शब्द लिहिले, असे सांगितले जाते.

१९४८ मध्ये किंग यांच्या वाद्यवृंदाची, तसेच काउबॉय कोपस यांची ध्वनिमुद्रिका आली. दोन्ही गाजल्या, पण प्रामुख्याने ग्रामीण वळणाच्या ‘कंट्री’ संगीताच्या श्रोत्यांमध्ये. हे कुंपण पेज यांनी ओलांडले. ध्वनिमुद्रणात त्यांचाच आवाज पुन्हा नोंदवून मूळ आवाजाशी जुळवण्यात आला. त्या काळी हे तंत्र नवे होते. गाण्याची नायिका एका मैत्रिणीशी प्रियकराची ओळख करून देते आणि त्याच वॉल्ट्झच्या तालावर त्याला गमावते. ही एकटेपणाची कहाणी गाताना गायिकेच्या सुरात मिसळणारा दुसरा आवाजही तिचा स्वतःचाच होता. ‘बिलबोर्ड’च्या यादीत हे गाणे अनेक आठवडे अग्रस्थानी राहिले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

या यशाचा लाभ गाण्याचे हक्क असलेल्या नॅशव्हिलच्या ॲकफ-रोज या प्रकाशन संस्थेलाही झाला. कंट्री संगीताच्या गाण्यांना देशभर बाजारपेठ आहे, हे त्यातून संगीत व्यवसायाला उमगले.

पुढे प्रत्येक कलावंताने या गाण्याला आपले वळण दिले. जपानमध्ये १९५२ साली किशोरवयीन चिएमी एरी यांनी ते इंग्रजी व जपानी शब्दांच्या मिश्रणातून लोकप्रिय केले. १९६४ मध्ये सॅम कुक यांनी त्याची संथ लय मोडून ते जलद, उसळत्या चालीत गायले. लेनर्ड कोहेन यांनी त्यात स्वतःचे कडवे जोडले. त्यांचे हे गायन २००४ च्या ‘डिअर हेदर’ या संग्रहात आहे.

टेनेसीने १९६५ मध्ये या गाण्याला अधिकृत राज्यगीतांत स्थान दिले. राज्याची थोरवी, इतिहास वा निसर्ग यांचे वर्णन त्यात जवळपास नाहीच. आहे ती नृत्याच्या एका रात्री झालेल्या ताटातुटीची आठवण. राज्याचे नाव जगभर पोहोचवले ते मात्र याच आठवणीने.