ब्लॉगलेखन व्यवसाय आणि महिला उद्योजकता : एक दृष्टिक्षेप

अल्प भांडवलात घरबसल्या सुरू करता येणारा व्यवसाय म्हणून महिला उद्योजकतेच्या अभ्यासात ब्लॉगलेखनाचा विचार महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील हेदर आर्मस्ट्राँग यांचे उदाहरण याबाबत बोलके आहे. त्यांनी २००१ मध्ये ‘डूस’ हा ब्लॉग सुरू केला. त्यावर कार्यालयाविषयी लिहिल्यामुळे २००२ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली; परंतु २००४ पासून जाहिराती स्वीकारल्यानंतर तोच ब्लॉग कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन बनला. मातृत्व व प्रसूतीनंतरचे नैराश्य यांविषयीच्या त्यांच्या प्रांजळ लेखनाने वाचकांचा विश्वास संपादन केला. या व्यवसायाचे खरे भांडवल हा विश्वासच होय.

पुढे जाहिरातदारांचा कल प्रायोजित लेखनाकडे वळला. त्यासाठी मुलांचे खासगी जीवन वापरावे लागणे आर्मस्ट्राँग यांना खटकू लागले आणि २०१५ मध्ये त्यांनी नियमित ब्लॉगलेखन थांबवले. भारतातही जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये प्रायोजित मजकूर तसा स्पष्टपणे नमूद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

सारांश, महिला उद्योजकांनी केवळ जाहिरातींवर विसंबून न राहता पुस्तके, प्रशिक्षण वा स्वतःची उत्पादने यांची जोड द्यावी. तसेच कुटुंबाविषयी काय लिहावयाचे नाही, याची मर्यादा आरंभीच निश्चित करावी. उद्योजकतेच्या अध्यापनात नफ्याच्या गणिताबरोबर या मर्यादेचाही समावेश होणे आवश्यक आहे.