पाहुणचाराची देवाणघेवाण : नर्मदाकाठचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संथ प्रवास म्हणजे ठिकाणांची संख्या कमी ठेवून एकेका ठिकाणी जास्त वेळ देणे, जमेल तिथे पायी किंवा साध्या बसने जाणे आणि तिथल्या माणसांच्या रोजच्या दिनक्रमात मिसळणे. पाहुणचाराची देवाणघेवाण ही त्याला जोडून आलेली व्यवस्था आहे. तीत प्रवासी हॉटेलऐवजी रहिवाशाच्या घरी उतरतो, मुक्कामाचे पैसे कोणी देत नाही की घेत नाही, आणि आज पाहुणा असलेला माणूस पुढे केव्हातरी कोणाचा तरी यजमान होतो. या दोन्हींविषयी मराठी प्रवाशांमध्ये बरेच गैरसमज आहेत. ते तपासायला धामनोदचा परिसर फार सोयीचा आहे. धार जिल्ह्याच्या धरमपुरी तालुक्यातले हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, विंध्याचा घाट उतरल्यानंतर लागणाऱ्या निमाडच्या सपाटीत आहे. दक्षिणेला थोड्या अंतरावर खलघाटचा नर्मदेवरचा पूल, पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर महेश्वर. पाहुणचाराची एक फार जुनी आणि अजून चालू असलेली रीत याच काठाने जाते.

“ही कल्पना परदेशातून आली”

संस्थेचे रूप तिला परदेशात मिळाले, एवढे खरे. ‘सर्व्हास’ ही संघटना १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. वेगवेगळ्या देशांतले लोक एकमेकांच्या घरी राहिले, एका पंगतीला बसले तर महायुद्धाने वाढवलेला परस्परांविषयीचा संशय कमी होईल, हा तिचे संस्थापक बॉब लुइटवायलर यांचा विचार होता. गांधीजींच्या विचारांची छाप त्यावर होती. इंटरनेट आल्यावर २००० मध्ये ‘हॉस्पिटॅलिटी क्लब’, २००४ मध्ये ‘काउचसर्फिंग’, २००७ मध्ये ‘बीवेलकम’ अशी संकेतस्थळे निघाली. फक्त सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी ‘वॉर्मशॉवर्स’ आहे.

नर्मदा परिक्रमेत हेच तत्त्व कितीतरी आधीपासून चालत आले आहे. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नदीची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. तिला सतत उजव्या हाताला ठेवून, मध्ये कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे म्हटले की अंतर अडीच हजार किलोमीटरच्या पुढे जाते. जुन्या रीतीने याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. आज बहुतेक पायी परिक्रमावासी चार ते सहा महिन्यांत ती पूर्ण करतात. बरेच मराठी परिक्रमावासी ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने पश्चिमेला निघतात, समुद्राशी नावेतून पलीकडे जातात, उत्तर काठाने पूर्वेला अमरकंटकपर्यंत चालतात आणि पुन्हा दक्षिण काठाने ओंकारेश्वरला येतात. त्यामुळे ते उत्तर काठावरच्या धार जिल्ह्यात येतात तेव्हा परिक्रमेचा मोठा भाग अजून उरलेला असतो. जवळ पैसा न ठेवता एवढे अंतर चालणे काठावरच्या घरांनी, आश्रमांनी आणि देवळांनी रोज पान वाढल्याशिवाय शक्यच नाही.

या रीतीला राजसत्तेचाही आधार मिळाला. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून कारभार केला आणि घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांवर सढळ हाताने खर्च केला. मराठी माणसाचा या काठाशी संबंध पुढेही तुटला नाही. सावंतवाडीकडच्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती नर्मदेच्या काठी राहिले आणि १९१४ मध्ये गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे परिक्रमा मराठी वाचकाच्या घरात पोहोचली.

“म्हणजे फुकट राहण्याची सोय”

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. या व्यवस्थेत पैसा नसतो, पण देणे असते, आणि ते बरेच असते. सर्व्हासमध्ये पाहुण्याने यजमानाबरोबर वेळ घालवणे अपेक्षित आहे. दिवसभर भटकून रात्री फक्त पाठ टेकायला येणारा पाहुणा तिथे नियमाला सोडून वागतो. संकेतस्थळे चालवण्यालाही खर्च येतोच. काउचसर्फिंग २०११ मध्ये नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० पासून बऱ्याच देशांत सभासदांकडून वर्गणी घेऊ लागली. बीवेलकम मात्र स्वयंसेवकांच्या बळावर, वर्गणी न घेता चालते.

नर्मदाकाठी हे देणे आणखी स्पष्ट दिसते. अनेक ठिकाणी परिक्रमावासीला तयार ताट मिळत नाही, सदाव्रत मिळते. सदाव्रत म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा. चूल पेटवणे, टिक्कड भाजणे, भांडी घासणे हे ज्याचे त्याने करायचे. उद्यासाठी म्हणून जास्तीचा शिधा मागून घ्यायचा नाही. उतरल्यावर आसन लावायची जागा यजमान दाखवील ती. संध्याकाळी नर्मदेची आरती, सकाळी निघताना जागा झाडून घेणे. निमाडच्या घरांत पायी येणाऱ्याला ‘बाबाजी’ आणि बाईला ‘माताराम’ म्हणतात. हा मान त्या माणसाचे नाव, पगार किंवा जात विचारून दिलेला नसतो. तो परिक्रमेला दिलेला असतो, म्हणून तिची शिस्त मोडणाऱ्याला त्यावर हक्क सांगता येत नाही.

घेतलेले त्याच घराला परत करायचे, असा हिशेब इथे नाही. धरमपुरीजवळच्या शेतकऱ्याने जेवू घातलेला माणूस पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच कोणाला तरी जेवू घालतो, आणि देवाणघेवाण पूर्ण होते. काही वेळा ती फार लांब जाते. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली, तिच्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे खरगोन जिल्ह्यातल्या लेपा इथे येऊन काठावरच्या गावांतल्या मुलांच्या शिक्षणाचे काम उभे केले. ज्या गावांनी पाहुणी म्हणून ठेवून घेतले, त्यांच्यासाठी त्या तिथल्याच झाल्या.

“अनोळखी माणसावर डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो”

टिकून राहिलेल्या प्रत्येक व्यवस्थेने विश्वासाची तजवीज आधी केलेली आहे. सर्व्हासमध्ये प्रवासाला निघण्यापूर्वी मुलाखत होते आणि ओळखपत्र मिळते. संकेतस्थळांवर आधीच्या यजमानांनी आणि पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय असतात. परिक्रमेतली व्यवस्थाही याच धर्तीची आहे. निघण्याच्या गावी परिक्रमावासी आपली ओळख पटवून प्रमाणपत्र घेतो आणि पुढे मुक्कामाच्या आश्रमांतून, पंचायतींतून त्यावर किंवा जवळच्या वहीत शिक्के घेत जातो. नव्या गावातल्या माणसाला ती वही चाळली की समोरचा कुठून चालत आला आणि कोणी कोणी त्याला उतरवून घेतले, ते कळते. अभिप्रायांचे काम करणारी ही वही मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

सगळे काही सुरक्षितच आहे, हा उलट टोकाचा समजही बरोबर नाही. परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना लुटले जाई, अंगावरच्या वस्त्रापर्यंत सारे काढून घेतले जाई. हा अनुभव इतका नेहमीचा होता की परिक्रमेच्या वर्णनांत त्याला ठरलेली जागा मिळाली. एकट्या स्त्रीने कुटुंब असलेल्या घरी किंवा नांदत्या आश्रमात उतरणे, पुढच्या मुक्कामाची चौकशी आदल्या गावीच करणे, संशय आला तर निघून जाणे, या गोष्टींत संकोच करण्याचे कारण नाही. नकार देण्याचा अधिकार यजमानालाही तेवढाच आहे.

कायद्याबाबतचे अज्ञान विशेष मोठे आहे. मित्र म्हणून उतरलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद कशाला करायची, असे अनेकांना वाटते. परदेशी नागरिक खासगी घरी राहिला, त्याच्याकडून एक पैसाही घेतला नाही, तरी ठरलेला फॉर्म भरून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे यजमानावर बंधनकारक आहे. हे काम ऑनलाइन होते. त्यात टाळाटाळ केल्यास अडचण यजमानाची होते, म्हणून पाहुण्याने पारपत्र आणि व्हिसाची प्रत स्वतःहून पुढे करावी.

“संथ प्रवासाला महिनोन् महिने रजा लागते”

संथपणा मुक्कामांच्या संख्येवर ठरतो. इंदूर, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि उज्जैन तीन दिवसांत उरकण्याची पद्धत महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाड्यांमध्ये रुळलेली आहे. तेच तीन दिवस धामनोद किंवा महेश्वरला एका जागी राहून काढले तर महेश्वरच्या मागांवर साडी कशी उतरते ते पाहता येते, धरमपुरीला नदीतल्या बेटावरच्या बिल्वामृतेश्वराला जाता येते, बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून काय विकायला येते ते कळते. रजा दोन्ही प्रवासांना सारखीच लागते. धामनोद बहुतेकांना माहीत आहे ते चहासाठी गाडी थांबते ते ठिकाण म्हणून. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ते नसल्यामुळेच तिथल्या माणसांशी बोलणे सहज होते, कारण तिथे प्रत्येक संभाषणामागे काही विकायचे नसते.

बसने किंवा मोटारीने होणारी परिक्रमाही साधारण तीन आठवड्यांच्या आत पूर्ण होते. श्रद्धेच्या दृष्टीने तिला कमी लेखण्याचे कारण नाही, मात्र तिच्यात पाहुणचाराची देवाणघेवाण जवळपास उरत नाही. पन्नास माणसे एकदम उतरली की मुक्काम ठरवून घ्यावा लागतो, जेवण सांगून ठेवावे लागते, आणि घराच्या ओसरीऐवजी धर्मशाळेचे सभागृह येते.

“अतिथी आला की यजमानाला आनंदच होतो”

आनंद होतो, आणि कष्टही होतात. अवेळी आलेल्या पाचजणांचा स्वयंपाक घरातली बाई करते. ती दिवसभर कापूस वेचून किंवा मिरची तोडून आलेली असते. कार्तिकानंतर परिक्रमावासींची रीघ लागते, तेव्हा काठावरच्या एकाच घरी ओळीने अनेक दिवस पाहुणे असतात. पाहुण्याने दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे, पथ्यपाणी कमीत कमी सांगावे, भाजी चिरायला बसावे. निघताना पैसे पुढे केले तर बऱ्याच घरी ते नाकारले जातात आणि कधी मनाला लागतेही. लहान मुलीच्या हातात काही ठेवणे किंवा कन्याभोजनासाठी काही देणे ही तिथली रुळलेली वाट आहे.

काही यजमानांचे घरच आता त्या जागी नाही. सरदार सरोवराच्या धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा पूर्ण भरले. कुक्षी, मनावर आणि धरमपुरी या भागांतल्या काठाला त्याची झळ बसली. चिखलदा आणि निसरपूर यांसारख्या गावांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. कित्येक पिढ्या परिक्रमावासींना आसन देणारी कुटुंबे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, नदीपासून दूर. पायवाटही त्याबरोबर सरकली, आणि जुन्या पुस्तकातले मुक्काम शोधत चालणाऱ्याला आज अनेक ठिकाणी पाणीच दिसते. या काठावर पाहुणा म्हणून उतरणाऱ्याला ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे. समोर वाढणारा माणूस गमावलेल्या गावाची रीत नव्या जागी चालवत असतो.

“होम-स्टे म्हणजे हेच”

होम-स्टे हा नोंदणी केलेला, दर ठरलेला व्यवसाय आहे. त्यात पाहुण्याला स्वच्छ खोली, वेळेवर जेवण आणि तक्रार करण्याचा हक्क मिळतो, कुटुंबाला उत्पन्न मिळते. एकांत हवा असलेल्या प्रवाशाने तोच पर्याय घ्यावा, कारण पैसे वाचवण्यासाठी यजमान शोधला की दोघांचीही कुचंबणा होते.

“आपण मराठी, तिथे भाषेची अडचण नाही”

धार आणि देवास इथे पवारांची आणि इंदूरला होळकरांची संस्थाने होती, म्हणून या शहरांत मराठी घरे पुष्कळ आहेत. धामनोदच्या आसपासच्या खेड्यांत मात्र निमाडी चालते, काही भागांत भिली. हिंदीवर काम भागते. घरातल्या वडीलधाऱ्या बायका निमाडीतच बोलतात, आणि स्वयंपाकघरातली ओळख त्यांच्याशी व्हायची असते. “नर्मदे हर” एवढ्या अभिवादनाने दार उघडते, पुढचे ऐकून घेत शिकावे लागते.

“जितके जास्त दिवस राहू तितकी जवळीक वाढते”

सर्व्हासने यजमानाच्या घरी दोन रात्रींचा संकेत ठेवला आहे, त्यापुढे राहायचे ते यजमानाने स्वतः म्हटले तरच. परिक्रमेत साधारणपणे एक रात्र, आजारपण आले तर आणखी. सुरुवातीलाच मुदत ठरलेली असली की घरातली माणसे मोकळेपणाने वागतात, कारण पाहुणा केव्हा जाणार हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. लांबच्या मुक्कामासाठी परिक्रमेत वेगळी सोय आहे. जुने नियम पाळणारा परिक्रमावासी आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासासाठी एकाच ठिकाणी थांबतो. तेव्हा तो कोणाच्या घरी राहत नाही, गावच्या देवळात किंवा आश्रमात राहतो. शिधा वेगवेगळ्या घरांतून येतो, त्यामुळे भार एका चुलीवर पडत नाही. बदल्यात तो पोथी वाचतो, मुलांना शिकवतो किंवा देवळाची झाडलोट पाहतो, आणि कार्तिकी झाली की पुढच्या गावाकडे निघतो.