मेक्सिकोनं प्रेमाची कॉमिक्स काढली, आपण काकोडकर वाचले

कॉमिक्स म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? वेताळ, मॅन्ड्रेक, चाचा चौधरी, फार तर अमर चित्र कथा. म्हणजे मारामारी, जादू, नाहीतर पुराण. मैत्रिणीचा ठरलेला नवरा पळवणारी एखादी देखणी, पैशाची भुकेली बाई कॉमिक्सची हिरोईन असू शकते, हे आपल्याला पटकन पटत नाही.

मेक्सिकोत ती होती. नाव रुबी. 1960 च्या दशकात योलांदा वर्गास दुल्चे या लेखिकेनं ती जन्माला घातली. त्या ज्या कॉमिक्समध्ये लिहायच्या, त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'अश्रू, हसू आणि प्रेम'. रुबीवर 1968 मध्ये मालिका आली, 1970 मध्ये सिनेमा, 2004 मध्ये पुन्हा मालिका आणि 2020 मध्ये पुन्हा एकदा. याच लेखिकेच्या 'येसेनिया'वरचा सिनेमा सोव्हिएत युनियनमध्ये लागला, तेव्हा त्याची नऊ कोटींहून जास्त तिकिटं खपली. राज कपूरचा 'आवारा' तिथं किती गाजला हे आपण अभिमानानं सांगतो, पण त्याचा आकडा साडेसहा कोटींच्या आत आहे.

मेक्सिकोत हे वेड 1936 पासूनचं. त्या वर्षी 'पेपीन' नावाचं छोट्या आकाराचं कॉमिक्स निघालं आणि थोड्याच काळात ते पेपरसारखं रोज यायला लागलं. लोक कुठल्याही कॉमिक्सला पेपीनच म्हणायला लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. मोठी माणसं, बायका, कामगार सगळे वाचायचे. नुकतं वाचायला शिकलेल्यालाही चित्रावरून गोष्ट कळायची. छपाई बऱ्याचदा एकाच तपकिरी शाईत, त्यामुळे अंक स्वस्त.

मग मराठीत हा माल कुठं होता? होता, भरपूर होता. फक्त चौकटीत नव्हता, गद्यात होता. आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव आपल्या कोल्हापुरात राहत होतं.

ना. सी. फडके. राजाराम कॉलेजात मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. 'जादूगार', 'दौलत' अशा त्यांच्या कादंबऱ्यांनी त्या काळच्या कॉलेजच्या पोरापोरींना प्रेम कसं करायचं ते शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. सुंदर नायिका, टेनिस, सहली, गैरसमज आणि शेवटी मिलन. गोष्ट कशी रचायची यावर त्यांनी 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तकही लिहिलं. गंमत म्हणजे 1938 मध्ये वि. स. खांडेकरही शिरोड्याहून कोल्हापुरातच आले. फडके म्हणायचे कला कलेसाठी, खांडेकर म्हणायचे कला जीवनासाठी. मराठी साहित्यातलं हे सगळ्यात गाजलेलं भांडण लढणारे दोघं काही वर्षं एकाच गावात राहत होते.

पण फडके प्रतिष्ठित होते. 1940 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. मेक्सिकोच्या पेपीनच्या जवळ जाणारा मराठी लेखक पाहिजे असेल तर एक पायरी खाली उतरावं लागतं. तिथं चंद्रकांत काकोडकर भेटतात.

काकोडकर म्हणजे लायब्ररीतून भाड्यानं आणायचा लेखक. माझी आज्जी मंगळवार पेठेत राहायची. तिच्या सांगण्यानुसार काकोडकरांच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायची पद्धत होती, आणि ते पुस्तक खराब होऊ नये म्हणून नव्हतं. सासूबाईंना नाव दिसू नये म्हणून होतं. सासूबाई दुपारी तेच पुस्तक वाचायच्या, ही गोष्ट वेगळी.

1962 मध्ये 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या बायका, असा विषय. कुणीतरी तक्रार केली आणि अश्लीलतेचं कलम 292 लागलं. खालच्या कोर्टानं सोडलं. हायकोर्टानं दोषी धरलं, लेखकाला आणि प्रकाशकाला प्रत्येकी 25 रुपये दंड केला, आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. दंड किरकोळ होता, पण शिक्का कायमचा होता.

काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. काळ काही सोपा नव्हता. 1964 मध्येच 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा याच कोर्टानं कायम केली होती. तरीही ऑगस्ट 1969 मध्ये काकोडकर सुटले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की समाजाच्या कल्पना बदलत चालल्यात, प्रेम आणि शरीरसंबंध यावरचं साहित्य आज सगळ्यांच्या हातात आहे, आणि कथा तुकड्यात नाही तर सलग वाचून ठरवायची.

त्याच वर्षाच्या शेवटी राज खोसलांचा 'दो रास्ते' आला. राजेश खन्ना, मुमताज, तुफान गर्दी. गोष्ट काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीची. एकाच वर्षात लेखक कोर्टातून सुटला आणि त्याची गोष्ट देशभरातल्या पडद्यांवर गेली.

मेक्सिकोतही वेगळं काही घडलं नव्हतं. तिथंही कॉमिक्समुळे पोरं आणि बायका बिघडतात अशी ओरड झाली आणि 1944 मध्ये सरकारनं अंक तपासायला समिती नेमली. तरी अंक खपतच राहिले.

आता प्रश्न उरतो, मराठीत प्रेमाचं कॉमिक्स का झालं नाही? चित्रकार कमी होते असं अजिबात नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं आठवा. नुसत्या त्या बाईच्या चेहऱ्यावर अंक विकला जायचा. पण चित्र मुखपृष्ठावरच थांबलं, आत मजकूर. मला वाटतं दोन कारणं असावीत. एक म्हणजे पानोपानी चित्रं काढून घेण्यापेक्षा एका लेखकाकडून कादंबरी लिहून घेणं प्रकाशकाला स्वस्त पडतं. दुसरं, आपल्याकडे कॉमिक्स आलं तेच मुलांसाठी. 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, 1967 मध्ये अमर चित्र कथा. प्रेम दाखवायचं तर ते शकुंतला किंवा नल-दमयंतीच्या नावानं. पुराणातलं आहे म्हटल्यावर कुणी कव्हर घालत नाही.

वर्गास दुल्चेंच्या 'मेमीन' या पात्रावर मेक्सिकोनं 2005 मध्ये टपाल तिकिटं काढली. कृष्णवर्णीय मुलाचं ते चित्र वर्णद्वेषी आहे म्हणून अमेरिकेतून टीका झाली, आणि ती चुकीची नव्हती. पण कॉमिक्सवाली बाई तिथं देशाच्या आठवणीत आहे, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे खांडेकरांचं संग्रहालय शिवाजी विद्यापीठात आहे आणि ते असायलाच पाहिजे. काकोडकरांचं पुस्तक शोधायला मात्र मी जुन्या पुस्तकांच्या तीन दुकानांत फिरले. शेवटी एक मिळालं, चाळीस रुपयांना. मुखपृष्ठ फाटलेलं. मागच्या पानावर लायब्ररीची चिठ्ठी, तारखांनी दोन्ही बाजूंनी भरलेली. दुकानदार म्हणाले, "ताई, हे वाचणाऱ्या बायका आता मोबाईलवर वाचतात." खरंय. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी प्रेमकथांचे भागांवर भाग येतात, आणि फोनला कव्हर घालायची गरज नसते.