तारलीचा अंदाज कुणी बांधायचा?

लेखमाला : पाऊसपाणी आणि पोटपाणी – लेखांक ६

सौंसर-पांढुर्ण्याहून समुद्र गाठायचा तर अख्खं एक राज्य ओलांडावं लागतं. तरी आपल्याकडच्या आठवडी बाजारात सुकटाचा आणि सुक्या बोंबलांचा ढीग दिसतोच, आणि भाव चढला की विकणारीला हटकून प्रश्न येतो, ‘काऊन वो बाई, यंदा एवढं महाग?’ तिच्याकडे उत्तर नसतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत गेली सत्तरेक वर्षं विचारला जातो आहे आणि तिथेही सरळ उत्तर मिळत नाही. पुढच्या वर्षी समुद्रात मासे किती असतील?

आधी नकाशा पाहू. आपली जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीला. म्हणजे आपल्या शिवारातला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात जातो, आणि ताटातला बोंबील मात्र येतो मुंबई-गुजरातच्या अंगाच्या अरबी समुद्रातून. हा उलटा व्यवहार उगाच नाही. बंगालच्या उपसागरात मोठमोठ्या नद्यांचं गोडं पाणी ओतलं जातं. ते हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थर धरून बसतं. वाऱ्याला तो थर सहजी ढवळता येत नाही आणि खालचं खत, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, खालीच राहतं. अरबी समुद्रावर असं झाकण नाही. मान्सूनचा वारा तो घुसळून काढतो.

केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर तर वारा किनाऱ्याच्या बाजूने दक्षिणेकडे वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याच्या जागी खोलातलं गार, खतवलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म शेवाळ माजतं. ते खायला येते तारली. गोव्यात तिला तारले म्हणतात, केरळात मत्ती. तेलकट, स्वस्त, गरिबाच्या घरचा मासा. ती साधारण जून ते ऑगस्टमध्ये अंडी घालते, म्हणजे पिल्लं डोळे उघडतात तेव्हा समोर अन्न तयार असतं. किमान तसं ठरलेलं असतं.

पण ठरलेलं फार काळ टिकत नाही. केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन. अतिमासेमारी झाली, कोवळी पिल्लं उपसली गेली, हे खरंच. पण मधल्या काळात २०१५-१६ चा जबर एल निनोही, म्हणजे समुद्राचं पाणी तापवणारा फेरा, येऊन गेला. आणि २०२२ मध्ये आकडा पुन्हा लाख टनांच्या आसपास! नुसत्या जाळ्यांना दोष देऊन हा चढउतार समजत नाही.

संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करणारा व्यापारी झाडाखाली उभा राहून नजरेने माल मोजतो. मृगाच्या बहाराला ताण नीट बसला की नाही, हेही त्याला कळतं. तरी तो चुकतो. इथे तर झाडच पाण्याखाली आहे. म्हणून माशांऐवजी पाण्याकडे बघायची युक्ती निघाली. तारलीबाबत हा शोध जुना आहे. आधी पाऊस धरला गेला : जून ते ऑगस्टचा पाऊस आणि पुढच्या हंगामातली कोवळी तारली यांची सांगड काही वर्षं छान बसली, मग सुटली. १९९० मध्ये ॲलन लाँगहर्स्ट आणि वॉरन वूस्टर या संशोधकांनी कोचीच्या समुद्रपातळीवर बोट ठेवलं. खालचं पाणी वेळेआधीच वर आलं तर पातळी उतरलेली दिसते. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. अंडी घालायला किनाऱ्याकडे येणारे थवे त्यामुळे अडतात, असा त्यांचा तर्क. म्हणजे वर येणारं पाणी कमी पडलं तरी पंचाईत, फार लवकर आलं तरी पंचाईत.

अलीकडे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. पाऊस, वारा, शेवाळ, एल निनो, सगळं लावून पाहिलं. त्यात सगळ्यात उपयोगी ठरली एक साधी गोष्ट : किनाऱ्याजवळच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं अडीच वर्षांचं सरासरी तापमान. एका मोसमाचं नव्हे, अडीच वर्षांचं. तारलीचं आयुष्यही साधारण तेवढंच. मला हे फार पटतं. एका पावसाळ्यावरून निवाडा करण्याची आपली सवय शेतीत नडते, तशी इथेही नडणारच.

आता आकड्यांकडे वळू, कारण गोम तिथे आहे. समुद्रातले मासे कुणी मोजत नाही. मोजला जातो तो बंदरावर उतरलेला माल. निवडक केंद्रांवर, निवडक दिवशी, निवडक होड्यांचा. कोचीच्या संस्थेचा माणूस धक्क्यावर होडीतून काय काय निघालं ते लिहितो, थोडे मासे पट्टीवर आडवे ठेवून लांबी घेतो, आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधला जातो. पद्धत चोख आहे. पण तिच्यातून कळतं ते ‘किती पकडले’. ‘किती होते’ हे नाही.

२०१९ चा महाराष्ट्र घ्या. त्या वर्षी राज्याचं सागरी मत्स्योत्पादन २.०१ लाख टनांवर आलं, पंचेचाळीस वर्षांतलं नीचांकी. आदल्या वर्षी ते २.९५ लाख टन होतं. मासे संपले? त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं झाली. क्यार आणि महा तर एकाच वेळी समुद्रात होती. ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून राहिल्या. किती घट माशांची आणि किती न गेलेल्या फेऱ्यांची, हे वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यावर पुढच्या वर्षाचं भाकीत उभं करता येत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र नीचांकाचा मथळा केला आणि विषय संपवला.

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा मच्छीमारांना मिळणारा सल्ला ही आणखी निराळी गोष्ट. उपग्रहाने टिपलेलं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा पाहून ‘आज-उद्या इथे मासे सापडण्याचा संभव’ एवढं तो सांगतो. डिझेल वाचतं, फायदा होतो. पण कळप कुठे आहे हे कळल्याने कळप किती मोठा हे कळत नाही. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे तारलीचं भवितव्य ठरत असतानाच, ढगांमुळे उपग्रहाला खालचं धड दिसत नाही.

एल निनोचा हात किती लांब पोचतो, हे १९७२ सांगतं. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, तेव्हाच पेरूच्या किनाऱ्यावर आंचोवेटा नावाचा मासा कोसळला. १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या घरात असलेली पकड १९७३ पर्यंत वीस लाखांवर आली. तिथेही वर्षानुवर्षं बेसुमार उपसा झालेला होताच, गरम पाण्याने शेवटचा धक्का दिला. या माशाची पूड कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची. ती तुटल्यावर सोयाबीनच्या पेंडेचे भाव जगभर भडकले. सोयाबीन पेरणाऱ्या आपल्या भागाने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मग पाण्याचं तापमान थेट नियमातच घातलं तर? कॅलिफोर्नियात तसं करून झालं आहे. सार्डिन, म्हणजे तारलीची चुलत बहीण, किती पकडायची हे १९९८ पासून ला होयाच्या स्क्रिप्स धक्क्यावर मोजलेल्या तापमानाच्या सूत्रावर ठरायचं. पाणी उबदार तर सार्डिन जास्त, असा हिशोब. २०१० मध्ये नव्या नोंदींवर तो तपासला, तर धक्क्यावरचं पाणी आणि मासे यांचं नातं उरलेलं नव्हतं. मग धक्का सोडून खुल्या समुद्रातलं तापमान सूत्रात घेतलं. सूत्र दुरुस्त झालं, पण सार्डिन ओसरतच राहिली आणि २०१५ च्या जुलैपासून तिची मोठी मासेमारी बंद करावी लागली.